मालगाडीपुढे प्रफुल

प्रफुल कापगते उजव्या हातात घड्याळ घालतो. तो डावखुरा नाही आणि त्याच्या डाव्या मनगटाला काही झालेलंही नाही. भिलाईत स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टरात, तो लहानाचा मोठा होत होता तेव्हा गणपतीत आणि दुर्गापूजेत मैदानावर पांढरा कपडा ताणून सिनेमा दाखवत. पुढची जागा मोठी माणसं चटया टाकून आधीच धरून ठेवत, आणि पोरासोरांची रवानगी कपड्याच्या मागच्या बाजूला होई. मागूनही सिनेमा दिसतोच, फक्त उलटा दिसतो, डाव्याचं उजवं होतं. त्यामुळे प्रफुलच्या बालपणीचे सगळे हिरो उजव्या हातात घड्याळ घालायचे, आणि हिरोइनची ओढणी अडकायची ती त्याच घड्याळात. आपलीही तयारी असलेली बरी, असं त्या पोराने तेव्हाच ठरवून टाकलं.

प्रेमाबद्दलचं त्याचं सगळंच ज्ञान असं मागच्या बाजूने आलेलं. त्याचा हिशोब साधा होता. प्रेम व्हायचं असलं की आधी वारा सुटतो, मग काहीतरी कशात तरी अडकतं, आणि मग गाणं ऐकू येतं, ज्याचा वाजवणारा कुठे दिसत नाही. एवढं झालं की समजायचं, हीच ती. एवढं न होता जे होतं त्याला लग्न म्हणतात, आणि ते काय, त्याच्या आईबापाचंही झालेलं होतं.

आईबापांनी हे ऐकलं असतं तर वाईट वाटून घेतलं नसतं. केवलराम कापगते साकोलीकडची धानाची शेती भावाच्या हवाली करून प्लांटमध्ये आले, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर, कोक ओव्हनमध्ये आयुष्य शेकून निघाले आणि रिटायर होऊन कुरुदला तीन खोल्यांचं घर बांधून बसले. सिंधुताईंशी त्यांचं लग्न ठरलं ते एका बाजाराच्या दिवशी, बैल बघायला गेले असताना, आणि बैलाचा सौदा मात्र फिसकटला. हे केवलराम अजूनही हळहळून सांगतात. बैल खरंच चांगला होता म्हणे.

प्रफुलही प्लांटमध्येच लागला. रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये तो क्रेन चालवतो. ही क्रेन छताखाली, दोन भिंतींच्या मधोमध रुळावर चालते आणि चालवणारा वर काचेच्या केबिनमध्ये बसतो. खालची माणसं त्याला हेल्मेटच्या रंगावरून ओळखू येतात. आवाज इतका, की बोलून उपयोग नाही. खालचा एक माणूस हाताने खुणा करतो, उचल, सरक, उतरव, आणि त्या एकट्याच्याच खुणा मानायच्या. मात्र थांबवण्याचा हक्क सगळ्यांना. समोर भिंतीवर हिंदीत हातभर अक्षरांत लिहिलंय, ‘रुकने का इशारा कोई भी करे, क्रेन रुकेगी’. एकदा एका म्हाताऱ्या फिटरने जांभई देताना दोन्ही हात वर ताणले, तर प्रफुलने लोखंड अधांतरी धरून ठेवलं होतं. नोकरीत तो असा चोख. डोकं फिरायचं ते मिलच्या गेटाबाहेर आल्यावर.

मुली बघायला सुरुवात झाली आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं तशी गत झाली. फरक इतकाच, की इथे नकटी कोणी नव्हती, विघ्न स्वतः नवरदेव होता. दुर्गच्या मुलीच्या वेळी घड्याळात खरंच काहीतरी अडकलं, पण ते मुलीच्या काकांचं स्वेटर. काका आणि प्रफुल सोफ्यावर एकमेकांना बांधल्यासारखे बसून राहिले आणि मुलीच्या आजीने कात्री आणून त्यांची सोडवणूक केली. जामुलला अंगणात पाट मांडले होते. तिथे वाराही सुटला, तो रस्त्याची सगळी धूळ घेऊन आला, आणि मुलगी, मुलीचा मामा आणि प्रफुल तिघं मिळून शिंकत बसले. रायपूरला तर चक्क गाणं ऐकू आलं. मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात, आणि कुठूनसं गाणं. प्रफुल अर्धा उठलासुद्धा. तोच मुलीची आई ‘आली आली’ म्हणत बादली घेऊन बाहेर धावली. कचरागाडी होती.

दर वेळी घरी येऊन तो एकच सांगायचा, की काही वाटलं नाही. सिंधुताईंनी आधी समजावलं, मग उपास केले, मग बोलणं सोडलं. बहीण रेणू तेवढी त्याची बाजू घ्यायची, कारण प्रत्येक बघण्याच्या कार्यक्रमात तिला चांगलंचुंगलं खायला मिळत होतं. सिनेमावाल्यांना माझं एक विचारणं आहे. तुमच्या त्या नाचऱ्या बागांमध्ये कोणाला सिलिंडर लावायचा नसतो, कोणाच्या सासूचा गुडघा दुखत नाही, मग आमची पोरं तुमच्या भरवशावर घोड्यावर बसायचं कसं ठरवणार? पण विचारायचं कोणाला?

मग चरोद्याचं स्थळ आलं. दिवाकर डोंगरवार रेल्वेच्या मोठ्या यार्डात शंटिंगचं काम करून रिटायर झालेले. त्यांची मुलगी कीर्ती मालगाडीवर गार्ड. रेल्वेने आता त्या पदाला भारी इंग्रजी नाव दिलंय, पण चरोद्यात गार्डला गार्डच म्हणतात. गाडीच्या सगळ्यात शेवटी तो एक छोटा डबा असतो ना, लोखंडी ओटा आणि त्यावर छप्पर असा, त्यात ही बसते. पुढे ड्रायव्हर, मागे ती, आणि मध्ये पाऊण किलोमीटर कोळसा.

डोंगरवारांच्या बैठकीत प्रफुल बसला आणि अचानक त्याच्या छातीत धडधडलं. छातीतच नाही, पायातसुद्धा. समोरच्या काचेच्या कपाटातल्या कपबशा किणकिणल्या. प्रफुलच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. हेच, आपण इतकी वर्षं हेच शोधत होतो, असं त्याला वाटलं, तेवढ्यात दिवाकरराव म्हणाले, की काही नाही, शंटिंग चालू आहे, यार्डात डबे जोडतात तेव्हा आमच्या घरात असंच होतं. त्यांच्या बायकोने, सरलाबाईंनी, सवयीने कपाटावर हात ठेवला. कपबशा गप्प झाल्या, प्रफुलची धडधडही.

कीर्ती घरात नव्हतीच. ती रात्रभराची ड्यूटी करून आत्ता येत होती. पाठीवर बॅग, हातात गुंडाळलेल्या झेंड्या, तोंडावर कोळशाची पूड. सगळ्यांना नमस्कार करून ती हात-पाय धुऊन आली आणि पाहुण्यांसाठी केलेल्या पोह्यांची एक बशी स्वतःपुढे ओढून खायला लागली. तिने माफीही मागितली, काल संध्याकाळपासून पोटात काही नाही म्हणून. हिरोइन पोहे आणते, खात नाही, हे प्रफुलला पक्कं ठाऊक होतं. त्याने मनातल्या मनात एक गुण कापला.

दोघांना अंगणात बोलायला पाठवलं. प्रफुलचा ठरलेला प्रश्न होता, तो त्याने विचारला. तुम्हाला पावसात भिजायला आवडतं का?

“भिजतेच नं,” कीर्ती म्हणाली. “ड्यूटीवर कोण विचारून राहिलं, आवडते का नाही म्हणून? रेनकोट असते, पण तो आतून गळते.”

मग तिने तिचे प्रश्न विचारले. तिला बोलावणं कधीही येतं, दिवस-रात्र काही नाही, हे चालेल का. त्याची शिफ्ट आणि तिची ड्यूटी जुळली नाही तर स्वयंपाक कोण करेल. प्रफुल म्हणाला, वरण-भात येतो आणि अंड्याचा रस्सा येतो. अंड्याचा रस्सा कसा करता, हे तिने नीट विचारून घेतलं. कांदा भाजून घेतो हे ऐकून तिने मान डोलावली. निघताना वारा नव्हता, गाणं नव्हतं, तिच्या ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना मारलेल्या होत्या.

घरी आल्यावर प्रफुलने नाही म्हटलं नाही. थोडा वेळ द्या, एवढंच म्हणाला. सिंधुताईंना इतकं नवल वाटलं, की त्यांनी लगेच देवापुढे साखर ठेवली.

त्या वेळात फोन सुरू झाले. मालगाडीचा काही भरवसा नसतो, आडगावच्या स्टेशनात बाजूच्या लाइनवर घालून ठेवतात आणि तासन्‌तास सगळ्या जगाला पुढे जाऊ देतात. मग कीर्ती त्या छोट्या डब्यातून फोन करायची. बोलायची काय, तर आज रुळावर मुंगूस दिसलं. अमक्या स्टेशनाबाहेर भजी चांगली मिळतात, पण तेल जुनं असतं. डब्यात संडास नाही, म्हणून ती ड्यूटीवर पाणी मोजून पिते. दिवा नीट लागला नाही की अंधारात एकटीला भीती वाटते, मग ती मोठ्याने पाढे म्हणते. प्रफुल सांगायचा मिलच्या गोष्टी, त्या जांभईवाल्या फिटरची गोष्ट तर तिने दोनदा सांगायला लावली आणि दोन्ही वेळा इतकी हसली, की पुढच्या स्टेशनमास्तरने काय झालं म्हणून विचारलं.

असे पाच-सहा महिने गेले. प्रफुल तिचा फोन असला की जेवताना उठायचा आणि नसला तर जेवताना थांबायचा. मिलमधले रूळ बाहेर न्यायला मालगाडीची रेक लागली की केबिनमधून मान वाकडी करून शेवटचा डबा बघायचा, आणि आता तो रूळ ठेवायचाही इतके अलगद, की खाली खुणा करणाऱ्याला वाटलं, क्रेनमध्ये बिघाड आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोराला सगळं झालं होतं, पण अजून वारा सुटला नाही म्हणून तो आपला वाट बघत होता.

कीर्ती मात्र वाट बघणाऱ्यांतली नव्हती. एके दिवशी तिने फोनवर सरळ विचारलं, हो की नाही ते सांगा. तिच्या घरचे विचारून राहिले आहेत आणि तिलाही कळलं पाहिजे. प्रफुलने, त्याच्या अकलेला कीड लागो, तिला खरं खरं सांगितलं. वारा, ओढणी आणि गाणं. आपल्याला तुम्ही चांगल्या वाटता, पण अजून तसं काही झालं नाही, झालं की सांगतो. कीर्तीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “सिग्नल भेटला माझ्या गाडीले. ठेवते.”

त्यानंतर तिचा फोन आला नाही. पहिल्या दिवशी प्रफुलला वाटलं, गाडी लांबची लागली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, मोबाइलचं चार्जिंग संपलं असेल. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः लावला, तर वाजून वाजून बंद झाला. मग त्याच्या जेवणावरची वासनाच गेली. सिंधुताईंनी पाटोडीची भाजी केली, तीही त्याने ताटात इकडून तिकडे फिरवली. केवलरामांनी ताट बघितलं, पोराकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, की बैलासारखं होईल, बघत राहशील आणि दुसरा घेऊन जाईल.

आणि तसंच व्हायला लागलं होतं. शनिवारी दुपारी रेणू बातमी घेऊन आली. कीर्तीची आत्या ललिता हिने रायपूरचं एक स्थळ आणलं होतं, मुलगा बँकेत. उद्या रविवारी संध्याकाळी ते लोक येणार, पसंती त्यांनी आधीच कळवलेली, कीर्तीने नाही म्हटलेलं नाही, उद्या सुपारी फुटणार.

प्रफुल खाटेवर बसला होता तो उठला. सिनेमात अशा वेळी व्हायोलिन वगैरे वाजतं. इथे काहीच वाजलं नाही. कीर्ती दुसऱ्या कोणाला मुंगसाची गोष्ट सांगणार, आणि तो बँकवाला ती ऐकताना पंख्याकडे बघणार. हे नको, एवढंच त्याला समजलं. त्याला कीर्ती हवी होती.

इतकं समजल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? आईबापाला घेऊन डोंगरवारांकडे गेला असता. नाहीतर कीर्तीला एक मेसेज टाकला असता, एका अक्षराचा. पण प्रफुलला प्रेम कळलं आणि त्याच क्षणी त्याचं डोकं पुन्हा कपड्याच्या मागे जाऊन बसलं. हिरो शेवटी काय करतो? धावतो. गाडी सुटत असते आणि हिरो धावतो. आणि इथे तर मुलगी गाडीवरच नोकरीला.

त्याने पेटीतला नवाकोरा लाल शर्ट काढला, कारण प्रेमाचा रंग लाल. रेणूची गुलाबी स्कूटी घेतली आणि चरोदा गाठलं. दिवाकरराव अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. कीर्ती कुठे आहे विचारल्यावर ते म्हणाले, की आत्ताच ड्यूटीवर गेली, कोळशाची गाडी आहे, अर्ध्या तासात फाटकावरून निघेल. पाणी घेता का म्हणून त्यांनी विचारेपर्यंत स्कूटी गल्लीच्या टोकाला गेली होती.

फाटकाजवळ उभा राहून प्रफुलने विचार केला. त्याने विचार केला, हेच मुळात चुकलं. कीर्तीचा डबा सगळ्यात शेवटी, तो डोळ्यांसमोरून भुर्रकन निघून जाईल. तिला आपण लांबूनच दिसलो पाहिजे. पुढे जिथे लाइन वळते, तिथे बाहेरच्या अंगाला उभं राहिलं तर शेवटच्या डब्यातूनही माणूस दिसेल. तो स्कूटी टाकून रुळाकडेच्या गिट्टीवरून, त्या टोकदार खडीवरून, अडखळत वळणापर्यंत गेला. गाडीचा आवाज आला. यार्डातून नुकतीच सुटलेली मालगाडी, अजून म्हशीच्या चालीने येत होती. प्रफुल रुळाच्या कडेला सरसावून उभा राहिला, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि जीव खाऊन हलवायला लागला. वर तोंडाने कीर्ती, कीर्ती.

गाडीच्या शेपटाशी बसलेल्या माणसाला दिसावं म्हणून हात हलवले, तर आधी ते गाडीच्या तोंडाशी बसलेल्या माणसाला दिसतात. ड्रायव्हरने काय बघितलं? वळणावर एक माणूस, अंगात लाल शर्ट, दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडतोय. रेल्वेत याचा एकच अर्थ शिकवतात. पुढे धोका आहे, गाडी थांबव. असा इशारा कोणीही केला, गुराख्याने केला, म्हातारीने केला, तरी गाडी थांबवायची. ड्रायव्हरने ब्रेक लावला.

चाकं किंचाळायला लागली तेव्हा प्रफुलचे हात वरच्या वर थिजले. मिलच्या भिंतीवरचं ते हातभर अक्षरांतलं वाक्य त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. दहा वर्षं तो रोज ते वाचत होता. सबंध भिलाईत एखाद्याला हे कळायला हवं होतं, तर ते यालाच.

कोळशाने भरलेली सबंध गाडी, डब्यावर डबा आपटत, कण्हत, शेवटी थांबली. इंजिन त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर. असिस्टंट ड्रायव्हर उडी मारून धावत आला आणि त्याचे खांदे धरून विचारायला लागला, कुठे तुटली पटरी? कोणी कटलं का? प्रफुलने नकाराची मान हलवली. मग काय, म्हैस? आता खोटं बोलायची संधी होती, पण प्रफुलला खोटं कधी जमलं नाही, तेही सिनेमामुळेच. तो हळूच म्हणाला, गार्ड मॅडमशी काम होतं, आणि आपलं नाव सांगितलं.

असिस्टंटने त्याच्याकडे बघितलं. मग वर खिडकीतल्या ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर पिकल्या केसांचा बिहारी माणूस होता, रिटायरमेंटला आलेला. त्याने आयुष्यात पुष्कळ कारणांनी गाड्या थांबवल्या होत्या. त्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

“मैडम, आपसे कोई मिलने आया है. नाम प्रफुल बता रहा है.”

वॉकीटॉकीत खरखर झाली. मग कीर्तीचा आवाज आला, “आ रही हूँ.”

आता सिनेमात इथे मुलगी धावत येते, केस उडतात, पैंजण वाजतात. कीर्ती पाऊण किलोमीटर चालत आली. गिट्टीवरून चालायचं म्हणजे पाय मुरगळायची शिकवणी, त्यात पायात जाड बूट, हातात लाल झेंडी, वर मे महिन्याचं ऊन. आधी ती एवढीशी ठिपक्याएवढी दिसली. आणि येताना ती डब्या-डब्यापाशी वाकून बघत होती. गाडी अशी अचानक थांबली की कुठे काही तुटलं-सुटलं नाही ना हे बघणं गार्डाचं काम, आणि कितीही संताप आला तरी ती ते टाळणार नव्हती. प्रफुल गिट्टीवर बसून बघत राहिला. शर्ट पाठीला चिकटला होता, फाटकावरच्या माणसाने खबर दिल्यामुळे रेल्वेच्या सुरक्षा दलाचा, आरपीएफचा, एक जवान मोटारसायकलवरून येताना दिसत होता. अशा वेळी त्याला एकच वाटत होतं, की ही बाई आपल्याकडे चालत येते आहे, आणि जन्मभर ती अशीच कामं उरकत उरकत आपल्याकडे चालत यावी. इतकं साधं आणि इतकं मोठं त्याला पूर्वी कधीच काही वाटलं नव्हतं.

ती येऊन समोर उभी राहिली. घाम पुसला. आवाज चढवला नाही.

“फोन बिघडला का तुमचा?”

“नाही.”

“मग?”

“हो म्हणायले आलो होतो.”

“ते फोनवर नव्हतं म्हणता येत?”

प्रफुलने एवढे सिनेमे बघितले, पण हा प्रश्न कुठल्या हिरोला कोणी विचारलेला त्याला आठवेना. पाठ केलेलं सगळं विसरलं, मग जे होतं ते बोलला.

“वारा-गिरा काही नाही सुटला, कीर्ती. गाणंही नाही वाजलं. पण तुमचा फोन नाही आला तर मले जेवण नाही जात. तिकडे तुमी डब्यात एकल्या असता तं इकडे क्रेनवर माझं ध्यान लागून राहते. याले काय म्हणतात ते मले नाही माहीत. त्या बँकवाल्याले हो नका म्हणू.”

कीर्तीने झेंडी काखेत मारली. मागे इंजिन धापा टाकत होतं. असिस्टंट ड्रायव्हरला मराठी येत नव्हती, पण तो पूर्ण लक्ष देऊन ऐकत होता.

“येडा आहे का रे तू?” ती म्हणाली. ती पहिल्यांदाच त्याला तू म्हणाली. “मी सांगून राहिले होते नं तुले रोज, मुंगसापासून संडासापर्यंत. अशी कोणाले सांगते का पोरगी?”

आरपीएफचा जवान पोचला. त्याने प्रफुलचा दंड धरला आणि रीतीप्रमाणे विचारलं, मॅडम, याला ओळखता का? प्रश्न साधा होता, पण उत्तर साधं नव्हतं. नाही म्हटलं तर प्रफुल कोणीतरी उपद्रवी माणूस, त्याला नेतील, आणि उद्या रायपूरची माणसं येऊन सुपारी फोडतील. हो म्हटलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या चरोद्याला कळणार, कारण रेल्वे कॉलनीत बातमी गाडीच्या आधी पोचते. ड्रायव्हर खिडकीतून ओणवा झाला. वॉकीटॉकी त्याच्या हातात चालूच होती आणि पलीकडे कोण कोण ऐकत होतं, देव जाणे.

“हाँ,” कीर्ती म्हणाली. “घर का आदमी है.”

ड्रायव्हरने मोठा सुस्कारा टाकला आणि जवानाला म्हणाला, की मग सोडून दे भाऊ, घरचंच प्रकरण आहे. जवानाचीही पकड ढिली झाली. प्रफुल तर हसायलाच लागला होता.

“घर का है तो छोड़ दें?” कीर्तीने विचारलं. “गाड़ी रोकी है इसने. ले जाइए, जो कार्रवाई बनती है, कीजिए. मैं भी रिपोर्ट में यही बोलूँगी.”

मग प्रफुलकडे वळून ती खालच्या आवाजात म्हणाली, की रायपूरच्यांना ती आजच नकार कळवते. इथून सुटला की त्याने आधी घरी जाऊन आईबापांना सांगायचं आणि उद्या त्यांना घेऊन यायचं. तिची गाडी उद्या दुपारपर्यंत परत येईल, नाही आली तर थांबायचं.

“थांबीन,” प्रफुल म्हणाला.

“आणि चालत ये,” ती म्हणाली. “पळू नको आता कुठं.”

ती वळली आणि आल्या वाटेने परत निघाली, डब्या-डब्यापाशी हात लावत. जवान म्हणाला, चला. प्रफुलने त्याला हात जोडून थोडं थांबायला सांगितलं. ती शेवटच्या डब्यात चढेपर्यंत गाडी हलणार नव्हती, आणि तोवर प्रफुललाही हलायचं नव्हतं.